नळी मोकळी असणे आणि नळी कामाची असणे : अंडनलिकेतील संप्रेरकांविषयी

माटुंगेकरीण (धागाकर्ती) :

मूल व्हावे म्हणून तपासण्या सुरू झाल्या की एचएसजी हा नळ्यांत द्रव सोडून काढलेला एक्स-रे बहुतेक जणींच्या वाट्याला येतो, आणि अहवालात "दोन्ही नळ्या मोकळ्या" असे लिहून आले की नळ्यांचा विषय तिथेच मिटतो. पुढची सगळी चर्चा अंडपेशींचा साठा, शुक्रपेशींची गती आणि गर्भाशयाच्या अस्तराची जाडी यांभोवती फिरते. मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या मनातही अंडनलिका म्हणजे अंडाशयापासून गर्भाशयापर्यंत जाणारी वाट, एवढेच चित्र असते. प्रत्यक्षात फलन याच नलिकेत होते, आणि त्यानंतर साधारण तीन दिवस तो गर्भ तिथेच राहतो, तिथेच विभागतो आणि तिथल्याच द्रवावर जगतो. म्हणून नळी मोकळी आहे एवढ्यावर न थांबता ती नेमके काय काम करते आणि संप्रेरके ते काम कसे चालवतात, हे सविस्तर मांडावे या हेतूने हा धागा काढत आहे.

माणसाची अंडनलिका १० ते १२ सेंटिमीटर लांबीची असते. अंडाशयाकडच्या टोकाला झालरीसारखी बोटे असतात, त्यानंतर रुंद भाग म्हणजे अँप्युला, आणि गर्भाशयाजवळ अरुंद व जाड स्नायूंचा भाग म्हणजे इस्थमस. फलन अँप्युलात होते. नलिकेच्या आतल्या अस्तरात मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात : पक्ष्माभिका असलेल्या पेशी, ज्यांचे सूक्ष्म केस एका लयीत हलतात, आणि स्रावक पेशी, ज्या नलिकेतील द्रवात प्रथिने आणि इतर द्रव्ये सोडतात. या दोन्ही प्रकारच्या पेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राही, म्हणजे त्यांचा संदेश पकडणारी प्रथिने, असतात. त्यामुळे पाळीच्या चक्राबरोबर गर्भाशयाचे अस्तर जसे बदलते, तसे नलिकेचे अस्तरही बदलत असते; फक्त ते झडून बाहेर पडत नाही, म्हणून त्याचा बदल आपल्या लक्षात येत नाही.

चक्राच्या पहिल्या भागात अंडाशयातील पुटिका (अंडपेशी जिच्यात वाढते ती पिशवी) वाढू लागते तसे रक्तातील इस्ट्रोजेन वाढत जाते. त्याच्या प्रभावाने नलिकेतील पेशी उंच होतात, पक्ष्माभिका नव्याने उगवतात, स्रावक पेशी भरून येतात, आणि ओव्हिडक्टिन नावाचे ग्लायकोप्रोटीन द्रवात वाढते, जे अंडपेशीच्या बाहेरच्या पारदर्शक आवरणाला जाऊन चिकटते. म्हणजे अंडपेशी येण्याच्या आधीच तिच्यासाठीची तयारी पूर्ण झालेली असते. एलएच या संप्रेरकाची उसळी सुरू झाल्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी पुटिका फुटते, अंडपेशी आपल्याभोवतीच्या क्युम्युलस पेशींच्या चिकट वेष्टनासह बाहेर येते, आणि झालरीवरच्या पक्ष्माभिका त्या वेष्टनाला धरून तिला आत ओढतात. तिचे फलनक्षम आयुष्य १२ ते २४ तासांचे असते. शुक्रपेशी मात्र स्त्रीच्या प्रजननमार्गात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, आणि म्हणूनच गर्भधारणा होण्यासाठी त्या आधीपासून तिथे असणे सोयीचे ठरते.

शुक्रपेशी नलिकेत पोहोचली की लगेच फलन करू शकते, असे नसते. १९५१ साली अमेरिकेत एम. सी. चँग आणि ऑस्ट्रेलियात सी. आर. ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की स्त्रीच्या प्रजननमार्गात काही काळ घालवल्याशिवाय शुक्रपेशीला ती क्षमता येत नाही. या बदलाला कपॅसिटेशन म्हणतात. त्यात शुक्रपेशीच्या पटलातील कोलेस्टेरॉल कमी होते आणि बायकार्बोनेटच्या साहाय्याने आतील रासायनिक संदेशयंत्रणा जागी होते. इथून पुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. अंडपेशीभोवतीच्या क्युम्युलस पेशी प्रोजेस्टेरॉन तयार करतात आणि ते जवळच्या द्रवात पसरते. माणसाच्या शुक्रपेशीच्या शेपटीत कॅटस्पर नावाची कॅल्शियमची वाहिनी असते, आणि २०११ साली दोन संशोधनगटांनी दाखवले, की अत्यल्प प्रोजेस्टेरॉननेही ही वाहिनी उघडते. २०१६ साली या संदेशातील आणखी एक दुवा उलगडला : प्रोजेस्टेरॉन शुक्रपेशीवरील एबीएचडी२ नावाच्या विकराला (एन्झाइमला) बांधले जाते, तो विकर कॅटस्परला रोखून धरणारे एक मेदद्रव्य मोडून टाकतो आणि वाहिनी मोकळी होते. कॅल्शियम आत येताच शेपटीचे फटकारे जोरकस होतात, आणि त्या जोराखेरीज क्युम्युलसचे चिकट वेष्टन व आतील आवरण भेदणे शक्य होत नाही. संप्रेरके पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुके चालू-बंद करतात, असे आपण शिकतो. शुक्रपेशीत जनुके जवळजवळ निद्रिस्त असतात, तरीही तेच संप्रेरक तिथे क्षणार्धात काम करते.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे : नलिकेचे काम संप्रेरकांच्या प्रमाणाइतकेच त्यांच्या क्रमावर चालते, आधी इस्ट्रोजेन, मग प्रोजेस्टेरॉन, आणि तेही योग्य वेळी. वाचकांनी शंका अवश्य विचाराव्यात.

गोरेगावकर :

मॅडम, मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. एक गोष्ट मला जुळवता येत नाही. आमच्या टिपणांत असे आहे, की प्रोजेस्टेरॉनमुळे पक्ष्माभिकांची गती मंदावते. ओव्ह्युलेशननंतर, म्हणजे अंडपेशी बाहेर पडल्यावर, फुटलेल्या पुटिकेचे पीतपिंड तयार होऊन प्रोजेस्टेरॉन तर वाढतच जाते. मग पक्ष्माभिका मंदावलेल्या असताना गर्भ गर्भाशयापर्यंत जातो कसा? इस्ट्रोजेन गती वाढवत असेल, तर गर्भ पहिल्याच दिवशी पुढे का सरकत नाही?

माटुंगेकरीण :

आपण अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. टिपणांतील विधान बरोबर आहे. माणसाच्या नलिकेचे तुकडे प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉनमध्ये ठेवले असता पक्ष्माभिकांची गती कमी होते, आणि त्यासोबत इस्ट्रोजेन दिले असता ती घट टळते. परंतु गर्भाचा प्रवास केवळ पक्ष्माभिकांवर अवलंबून नसतो. नलिकेच्या भिंतीत स्नायू आहेत, आणि प्रवासाचा मुख्य निर्णय इस्थमसच्या स्नायूंकडे असतो.

ओव्ह्युलेशनच्या सुमारास, इस्ट्रोजेनचा प्रभाव ताजा असताना, इस्थमसमधील स्नायू चेतातंतूंतून येणाऱ्या नॉरअॅड्रेनॅलिन या द्रव्याला आकुंचनाने प्रतिसाद देतात, कारण त्या काळात अल्फा प्रकारच्या ग्राहींचे वर्चस्व असते. त्यामुळे हा अरुंद भाग जवळजवळ बंद असतो आणि गर्भ अँप्युलातच अडून राहतो. पुढे प्रोजेस्टेरॉन चढू लागले की बीटा प्रकारच्या ग्राहींचा प्रभाव वाढतो, तेच नॉरअॅड्रेनॅलिन आता स्नायू सैल करते आणि वाट मोकळी होते. प्रोस्टाग्लँडिन या स्थानिक संदेशद्रव्यांचाही यात वाटा आहे : एफ-२-अल्फा हे स्नायू आकुंचित करते, तर ई-२ सैल करते. म्हणजे प्रोजेस्टेरॉन एका बाजूने पक्ष्माभिकांची घाई कमी करते आणि दुसऱ्या बाजूने दार उघडते. माणसात गर्भ साधारण तीन दिवस अँप्युलात थांबतो, आणि ओव्ह्युलेशननंतर सुमारे ८० तासांनी, मोरुला, म्हणजे पेशींचा भरीव गोळा, होण्याच्या बेतात, गर्भाशयात उतरतो.

हा थांबा अत्यावश्यक आहे. तिसऱ्या दिवशी गर्भाशयाचे अस्तर रुजवण्यासाठी तयार झालेले नसते, आणि गर्भही तयार नसतो. चार ते आठ पेशींच्या अवस्थेत गर्भाची स्वतःची जनुके मोठ्या प्रमाणावर कामाला लागतात. तोपर्यंत तो आईच्या अंडपेशीत साठवलेल्या आरएनए आणि प्रथिनांवर चालतो. हे संपूर्ण संक्रमण नलिकेत घडते. या काळात गर्भाला ग्लुकोजपेक्षा पायरुव्हेट अधिक मानवते, आणि नलिकेतील द्रवात पायरुव्हेट व लॅक्टेट भरपूर असते. पेशी एकमेकींना घट्ट बिलगू लागल्या की त्याची ग्लुकोजची गरज वाढते, आणि नेमका त्याच सुमारास तो गर्भाशयात पोहोचतो.

परळचा पशुवैद्य :

धागा वाचून आनंद झाला. या विषयातील बरेचसे ज्ञान गायी, मेंढ्या, डुकरे आणि घोड्या यांच्याकडून आले आहे, त्यामुळे दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट अशी, की नलिकेला मिळणारे संप्रेरक आणि हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तातले संप्रेरक यांचे प्रमाण सारखे नसते. अंडाशयातून बाहेर पडणारी शीर आणि नलिकेकडे जाणारी धमनी एकमेकींना अगदी चिकटून, वेटोळी घेत जातात, त्यामुळे शिरेतील प्रोजेस्टेरॉन थेट शेजारच्या धमनीत झिरपते. गायीत ज्या बाजूला पीतपिंड असते, त्या बाजूच्या नलिकेत प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त असते. शरीर गर्भ असलेल्या बाजूला वेगळी वागणूक देते, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट घोडीची, आणि ती ऐकून विद्यार्थी नेहमी थक्क होतात. घोडीत फलन न झालेली अंडपेशी गर्भाशयात जातच नाही. ती नलिकेतच राहून हळूहळू विरून जाते. गर्भ मात्र पाचव्या-सहाव्या दिवशी स्वतः प्रोस्टाग्लँडिन ई-२ स्रवतो, इस्थमस सैल होतो आणि तो एकटा पुढे जातो. नलिका आणि गर्भ यांच्यातला संवाद दोन्ही बाजूंनी चालतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

तिसरी गोष्ट डुकरांची. डुकरांत प्रयोगशाळेतील फलन करताना एकाच अंडपेशीत अनेक शुक्रपेशी शिरण्याचा त्रास फार होतो. अंडपेशी आधी नलिकेतील द्रवात ठेवल्या तर हे प्रमाण कमी होते, कारण माटुंगेकरीण यांनी उल्लेख केलेले ओव्हिडक्टिन तिच्या आवरणात जाऊन ते आवरण अधिक चिवट बनवते.

चेंबूरवाली :

नमस्कार. मी सध्या उपचार घेत आहे, त्यामुळे हा धागा माझ्यासाठी केवळ अभ्यासाचा नाही. मला ओव्ह्युलेशननंतर प्रोजेस्टेरॉनच्या योनीमार्गे घ्यायच्या गोळ्या दिल्या आहेत. त्या नलिकेसाठी आहेत का? आणि दुसरा प्रश्न, जो कदाचित भाबडा वाटेल : नलिका इतकी महत्त्वाची असेल, तर आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर फलन करताना, नलिका पूर्ण वगळूनही मुले कशी होतात?

पार्ल्याची लॅब :

ताई, प्रश्न भाबडा मुळीच नाही. आमच्या क्षेत्रातील निम्मे काम याच प्रश्नाच्या उत्तरासाठी चालते. मी भ्रूणशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते.

आधी गोळ्यांविषयी. ओव्ह्युलेशननंतर दिलेले प्रोजेस्टेरॉन मुख्यतः गर्भाशयाच्या अस्तरासाठी असते, म्हणजे गर्भ रुजण्यासाठी अस्तर तयार व्हावे आणि टिकावे यासाठी. ते नलिका सुधारण्याचे औषध नव्हे. गोळ्यांची मात्रा किंवा दिवस स्वतः वाढवू अथवा कमी करू नये. आपल्या डॉक्टरांनी ज्या दिवशी सुरू करायला सांगितले आहे, त्याच दिवसापासून घ्याव्यात. वर क्रमाविषयी जे लिहिले आहे त्याचा अर्थही तोच आहे, कारण प्रोजेस्टेरॉन फार लवकर सुरू झाले तर अस्तराची वेळ गर्भाच्या वेळेशी जुळत नाही.

आता आयव्हीएफ. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे पहिले आयव्हीएफ बाळ जन्मले, तेव्हाच सिद्ध झाले की नलिकेविना फलन होऊ शकते. आपल्या मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून असे बाळ जन्मले, आणि त्यामागे परळमधील, तेव्हा इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतील शास्त्रज्ञांचे काम होते. परंतु नलिका वगळता आली, याचा अर्थ नलिकेचे काम वगळता आले असा होत नाही. ते काम आम्ही बशीत करतो. १९८५ साली तयार झालेल्या एका प्रसिद्ध संवर्धक द्रवाचे नावच ह्यूमन ट्यूबल फ्लुइड आहे, कारण त्याची रचना माणसाच्या नलिकेतील द्रवाच्या मोजमापांवरून केली होती. आजही अनेक प्रयोगशाळा गर्भ हवेतल्या २० टक्के ऑक्सिजनऐवजी ५ टक्के ऑक्सिजनमध्ये वाढवतात, कारण नलिकेतही ऑक्सिजन हवेपेक्षा बराच कमी असतो. ३७ अंश तापमान, कार्बन डायऑक्साइडने राखलेला आम्लता-निर्देशांक, पायरुव्हेट, लॅक्टेट, अमिनो आम्ले, अल्ब्युमिन, हे सगळे नलिकेकडूनच शिकलेले आहे. बशी जे करू शकत नाही ते म्हणजे बदल. नलिकेतील द्रव तासातासाला, संप्रेरकांप्रमाणे आणि गर्भाच्या उपस्थितीप्रमाणे बदलत असतो. आम्ही फार तर ठरावीक दिवशी द्रव बदलतो.

माटुंगेकरीण :

पार्ल्याची लॅब, आपले आभार. याला जोडून एक प्रयोग सांगते, कारण इस्ट्रोजेनचे एक काम त्यातून फार अनपेक्षितपणे पुढे आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उंदरांच्या मादीच्या नलिकेतील अस्तरातून इस्ट्रोजेनचा अल्फा ग्राही काढून टाकला होता. माद्यांमध्ये ओव्ह्युलेशन होत होते, परंतु फलन कमी झाले, आणि जे गर्भ तयार झाले ते दोन पेशींची अवस्था गाठण्याआधीच मरत होते. कारण शोधल्यावर दिसले, की नलिकेतील द्रवात प्रथिने तोडणारी विकरे फार वाढली होती आणि तीच गर्भाच्या पटलाचा नाश करत होती. विकरांना रोखणारी द्रव्ये दिली असता गर्भ वाचू लागले. म्हणजे इस्ट्रोजेनचे काम केवळ नलिका फुलवण्याचे नाही. नलिकेची स्वतःची रोगप्रतिकारक हत्यारे, जी जंतूंना मारण्यासाठी आहेत, ती योग्य वेळी म्यान करण्याचेही आहे. गर्भ अर्धा परका असतो, शुक्रपेशी पूर्ण परक्या असतात, आणि तरीही नलिका त्यांना सांभाळते, हे मला या अभ्यासानंतर अधिक नीट समजले. उंदरावरचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही, हे मात्र वाचकांनी लक्षात ठेवावे. उदाहरणार्थ, उंदराच्या शुक्रपेशीतील कॅटस्पर प्रोजेस्टेरॉनने उघडतच नाही.

गिरगावकर काका :

मी या विषयातला नाही, पण घरात झालेल्या एका दुखण्यामुळे विचारतो. गर्भ नळीतच रुजतो, त्याचा आणि या संप्रेरकांचा काही संबंध आहे का?

पार्ल्याची लॅब :

काका, संबंध आहे, पण बहुतेक वेळा मूळ कारण नलिकेला आधी झालेली इजा हे असते. जागा चुकलेल्या गर्भधारणांपैकी ९० टक्क्यांहून अधिक नलिकेत असतात, आणि त्यामागे क्लॅमिडियासारखा जंतुसंसर्ग, आधीची शस्त्रक्रिया, धूम्रपान, आणि आपल्याकडे क्षयरोग ही कारणे असतात. मुंबईत क्षयरोगाचा उल्लेख टाळता येणार नाही. स्त्रीच्या जननेंद्रियांचा क्षय झाला तर बहुतेक रुग्णांत नलिका सापडतेच, आणि खोकला किंवा ताप नसतानाही तो वर्षानुवर्षे आत राहू शकतो. पक्ष्माभिका नष्ट झाल्या किंवा आतल्या घड्या एकमेकींना चिकटल्या, की संप्रेरके कितीही योग्य असली तरी त्यांचा आदेश पाळायला पेशीच उरत नाहीत.

संप्रेरकांचा थेट संबंध दिसतो तो केवळ प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे द्रव्य) असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांत. या गोळ्या गर्भधारणा टाळतात, त्यामुळे नलिकेतील गर्भधारणाही एकूण कमीच होतात. परंतु गोळी चालू असताना क्वचित गर्भ राहिलाच, तर तो नलिकेत असण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त असते. नलिकेची गती मंदावणे हे त्याचे एक कारण मानले जाते. पाळी चुकलेली असताना पोटाच्या एका बाजूला दुखणे, रक्तस्राव, चक्कर किंवा खांद्यात कळ अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे, सकाळची वाट पाहू नये.

चेंबूरवाली :

दोघींचेही मनापासून आभार. शेवटचे विचारते : माझा एचएसजी मोकळा आला आहे. मग नळी खरोखर काम करते की नाही, हे कळण्यासाठी आणखी कोणती तपासणी असते?

पार्ल्याची लॅब :

एचएसजीत आपण द्रव ढकलतो आणि तो पोटात सांडतो की नाही एवढे पाहतो. पक्ष्माभिकांची गती, स्रावांची घडण किंवा इस्थमस वेळेवर सैल होतो की नाही, हे मोजणारी नित्याची तपासणी दवाखान्यात उपलब्ध नाही. लॅप्रोस्कोपीत, म्हणजे पोटात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, नलिकेभोवतीचे चिकटलेले पडदे, झालरीची अवस्था आणि क्षयरोगाच्या खुणा डोळ्यांनी दिसतात, त्यामुळे आधी संसर्ग झालेला असेल किंवा शंका असेल तर डॉक्टर ती सुचवतात. सोनोग्राफीत मात्र एक गोष्ट नक्की विचारून घ्यावी : नळीत पाणी साठले आहे का. टोक बंद होऊन पाणी साठलेल्या नळीला हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात. ते पाणी गर्भाशयात परत झिरपते आणि आयव्हीएफचे यश जवळजवळ निम्म्यावर आणते. म्हणून अशी नळी असेल तर गर्भ सोडण्याआधी ती काढतात किंवा गर्भाशयाजवळ बंद करतात.

चेंबूरवाली :

समजले. माझ्या सोनोग्राफीच्या अहवालात नळ्यांविषयी एक ओळही नाही. पुढच्या भेटीला हाच प्रश्न लिहून नेते, आणि लहानपणी घरात आजोबांना क्षय होता हेही डॉक्टरांना सांगते. ते आजवर कुणी विचारले नव्हते आणि मलाही सांगण्यासारखे वाटले नव्हते.